जज निवडायचे तरी कसे? (टेक्ससची मतपत्रिका आणि माझी फजिती)

अर्धाकप

मंडळी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, नागरिक झाल्यानंतर, मी इथे पहिल्यांदा मत दिलं. गाव ह्यूस्टन, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) हॅरिस. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर वगैरे दोन मिनिटांत उरकलं आणि मग जज सुरू झाले. सुप्रीम कोर्टाचे जस्टिस, क्रिमिनल अपील्सचे जज, कोर्ट ऑफ अपील्सचे जस्टिस, मग डिस्ट्रिक्ट कोर्ट नंबर अमुक, डिस्ट्रिक्ट कोर्ट नंबर तमुक. मी आपला 'पुढे' दाबतोय, पण पानं काही संपेनात. एकाही माणसाचं नाव आयुष्यात ऐकलेलं नाही. फोन काढून बघावं तर इथे मतदान केंद्राच्या शंभर फुटांच्या आत फोन वापरायला बंदी.

शेजारच्या यंत्रावर बायको होती. तिने पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि शांतपणे एकेक नाव दाबत गेली. कागदाची चिठ्ठी चालते म्हणे. मी पहिले काही पक्ष बघून दाबले, मग नाव वाचायला सोपं वाटलं म्हणून दोघांना मत दिलं (हसू नका), आणि उरलेले कोरे सोडले.

घरी आल्यावर कळलं, बायकोने ती चिठ्ठी मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून उतरवली होती. मैत्रिणीने कुणाची उतरवली ते तिला आठवत नाही.

आता ३ मार्चला प्रायमरी (पक्षाचे उमेदवार ठरवायचं मतदान) आहे, म्हणजे पुन्हा तीच परीक्षा. माझं म्हणणं, ज्याची काही माहिती नाही तिथे कोरं सोडावं. बायको म्हणते, तू कोरं सोडलंस म्हणून जागा रिकामी राहत नाही, दुसरा कुणीतरी भरतो. तुम्ही काय करता? आणि मुळात ही एवढी कोर्टं कशाला?

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो.

दादर_ते_डॅलस

अर्धाकप, नाव सोपं म्हणून मत देणारे तुम्ही एकटे नाही. तसे सांगून टाकणारे एकटे असाल.

एवढी कोर्टं कशाला? तर टेक्ससला सर्वोच्च न्यायालयं दोन आहेत. दिवाणी खटल्यांसाठी सुप्रीम कोर्ट, फौजदारीसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स. दोन्हीकडे नऊ-नऊ जण, मुदत सहा वर्षं. ही तऱ्हा आमच्याकडे आणि शेजारच्या ओक्लाहोमात, बाकी कुठे नाही. त्यांच्या खाली कोर्ट्स ऑफ अपील्स. ती चौदा होती, २०२४ च्या सप्टेंबरात पंधरावं सुरू झालं. त्याखाली डिस्ट्रिक्ट कोर्टं, चारशेहून जास्त. त्यांचे नंबर साधारण ज्या क्रमाने कोर्टं स्थापन होत गेली त्या क्रमाने पडलेत, म्हणून एकाच इमारतीत शेजारीशेजारी ११ आणि २८० असे नंबर दिसतात. मग काउंटी कोर्टं, प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रांची कोर्टं, आणि सगळ्यात खाली जस्टिस ऑफ द पीस, ज्याला सगळे जेपी म्हणतात. तिथे भाडेकरूला बाहेर काढण्याचे खटले, वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे, वेगाने गाडी चालवल्याची तिकिटं. जेपी वकील असलाच पाहिजे असंही नाही.

आणि हे झाडून सगळे पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. २०१८ मध्ये तुमच्याच हॅरिस काउंटीत जजच्या ५९ लढती झाल्या आणि ५९ च्या ५९ डेमोक्रॅट्सनी जिंकल्या. तेव्हा एक बटण दाबलं की अख्ख्या पक्षाला मत जायचं. त्या लाटेत चांगले रिपब्लिकन जजही वाहून गेले, आणि नव्याने आलेल्यांत चांगलेही होते. ती एका बटणाची सोय २०२० पासून बंद केली, म्हणूनच तुम्हाला 'पुढे, पुढे' करत बसावं लागलं.

कोल्हापुरी_ठसका

काउंटी जजचं काय ते सांगा की. माझा चुलतभाऊ तिकडं ह्यूस्टनला असतो, तो म्हणत होता आमच्या जज २७ व्या वर्षी निवडून आल्या आणि वकीलही नव्हत्या. मी म्हटलं थापा मारतोय.

दादर_ते_डॅलस

थाप नाही. लीना हिडाल्गो, २०१८. पण टेक्ससात 'काउंटी जज' हे नावापुरतं न्यायाचं पद. मोठ्या काउंटीत तो प्रशासनाचा प्रमुख असतो. वादळ आलं की टीव्हीवर येऊन घरं सोडा म्हणून सांगतो. त्याच्या मंडळाचं नाव 'कमिशनर्स कोर्ट', तिथे रस्त्यांची आणि पुराच्या पाण्याची बजेटं पास होतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना कुणी 'न्यायमूर्ती' म्हणावं, तसं.

नानीची_टेकडी

पुण्यातून विचारते. तिकडे हायकोर्ट नसतं का? आणि हे 'डिस्ट्रिक्ट कोर्ट' म्हणजे बातम्यांमध्ये ट्रम्पच्या आदेशांना स्थगिती देतात तेच का?

काळाकोट

नानी, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी नाशिकला सात वर्षं वकिली केली, आता बरीच वर्षं शिकागोत आहे, आणि मलाही सुरुवातीला हेच उलगडायचं नाही.

आपल्याकडे न्यायालयांची एकच उतरंड असते. नाशिकचा दिवाणी न्यायाधीश राज्याचा कायदाही लावतो आणि संसदेचाही. वर मुंबई हायकोर्ट, त्यावर दिल्ली. अमेरिकेत दोन वेगवेगळ्या उतरंडी शेजारीशेजारी उभ्या आहेत. एक संघराज्याची. तुम्ही बातम्यांत बघता ती कोर्टं त्यातली. तिथले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजूर करतं, आणि ते तहहयात. दुसरी प्रत्येक राज्याची स्वतःची. खून, चोरी, घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र, घराचा करार, अपघाताची भरपाई हे जवळपास सगळं राज्याच्या कोर्टात चालतं. सामान्य माणसाची गाठ पडते ती याच कोर्टांशी. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट त्यात पडतं ते संघराज्याचा कायदा किंवा घटना यांचा प्रश्न असेल तरच.

टेक्ससात दोन्हीकडच्या खालच्या कोर्टाला 'डिस्ट्रिक्ट कोर्ट' म्हणतात, म्हणून हा घोळ. आणि ज्यांच्या नावाने आपल्या लोकांची झोप उडते ती इमिग्रेशन कोर्टं या दोन्हींत नाहीत. ती न्याय खात्याच्या हाताखाली चालतात.

न्यायाधीश कसे येतात, याची मात्र पन्नास राज्यांत पन्नास पोटजाती. आमच्या इलिनॉयमध्ये पहिल्यांदा पक्षाच्या तिकिटावर निवडून यायचं. नंतर मुदत संपली की समोर प्रतिस्पर्धी नसतो, मतपत्रिकेवर फक्त 'याला ठेवायचं का? हो/नाही' एवढंच. साठ टक्के 'हो' पडले की राहिला. पडतो क्वचितच.

मावशीचा_भाचा

काळाकोट, न्यूयॉर्क राहिलं. तिथे 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं कोर्ट आहे, खटला पहिल्यांदा उभा राहतो ते. वरच्याचं नाव कोर्ट ऑफ अपील्स. आणि घटस्फोट फक्त सुप्रीम कोर्टात होतात.

माझ्या मामेभावाचा तिथे घटस्फोट झाला. त्याने साताऱ्याला फोन करून सांगितलं, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. मावशी हबकली. म्हणाली, एवढ्या वरपर्यंत भांडलात? मग मधल्या मध्ये कुणी समजावलं नाही का तुम्हाला?

वाचनमात्र

मावशी 😂

एडिसनचा_सुनील

आम्ही न्यू जर्सीवाले हा धागा भेळ खात वाचतोय. आमच्याकडे जजचं मतदानच नाही. गव्हर्नर नेमतो, राज्याचं सिनेट मंजूर करतं. सात वर्षांनी पुन्हा नेमणूक झाली की सत्तर वर्षांचा होईपर्यंत हलवता येत नाही. ना चिठ्ठी, ना फजिती.

अर्धाकप

सुनीलभाऊ, भेळेत कांदा जास्त पडो.

खडूस_म्हातारा

सुनील, गव्हर्नर नेमतो तेव्हा कुणाला नेमतो? ज्याला तो ओळखतो त्याला. हे लोक निवडणुकीकडे वळले कशामुळे, ते वाचा. १८३२ मध्ये मिसिसिपीने पहिल्यांदा सगळे न्यायाधीश निवडणुकीने घ्यायचं ठरवलं, १८४६ मध्ये न्यूयॉर्क, आणि मग रांगच लागली. राजकारणी आपापल्या बगलबच्च्यांना खुर्चीवर बसवतात, ते नको, न्यायाधीशाने गव्हर्नरकडे नाही तर लोकांकडे बघावं, हा त्यातला विचार. मूर्ख नव्हते ते.

आणि आपण कोणत्या तोंडाने हसतोय? आपल्याकडे हायकोर्टाचे न्यायाधीश न्यायाधीशच निवडतात. संसदेने ते बदलायला कायदा केला, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कोण कुणाचा पुतण्या, कोण कुणाचा ज्युनियर, हे बार रूममध्ये चहाबरोबर चघळलं जातं. निदान टेक्ससवाल्याला एक बटण तरी मिळतं. नाव माहीत नाही हा त्याचा आळस.

काळाकोट

काका, इतिहास मान्य. कॉलेजियमवर, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या आपल्या पद्धतीवर, तर मीच तुमच्यापेक्षा दोन शिव्या जास्त देईन. पण निवडणूक आली की पैसा येतो, आणि तो देणारे बहुतेक वकील आणि कंपन्याच असतात. सामान्य मतदार जजच्या प्रचाराला कशाला पैसे देईल?

वेस्ट व्हर्जिनियाचं प्रकरण बघा. मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने पाच कोटी डॉलरचा निकाल दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होतं. मधे २००४ ची निवडणूक. कंपनीचा प्रमुख डॉन ब्लँकनशिप याने एका उमेदवाराला निवडून आणायला तीस लाख डॉलर ओतले. उमेदवार जिंकला. पुढे अपील आलं तेव्हा त्याला लोक म्हणाले, बाबा, तू बाजूला हो. तो झाला नाही. निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने फिरला, त्या तिघांत हा एक. शेवटी २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्याने बाजूला व्हायलाच हवं होतं. तेही पाच विरुद्ध चार! म्हणजे चार जणांना त्यातही हस्तक्षेप करण्याजोगं काही दिसलं नाही.

आता तर ही आकडेवारी चिल्लर वाटते. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी नऊ कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. मतपत्रिकेवर पक्ष नसतो, पण कोण कुणाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत. इलॉन मस्कने सभेत दहा-दहा लाखांचे चेक वाटले. त्याची बाजू हरली, हा भाग वेगळा.

शून्य_अपेक्षा

पैशावरून एक स्वतःचं सांगतो. घराच्या बांधकामावरून ठेकेदाराशी माझा दावा चालू होता. राज्य टेक्ससच, बाकी विचारू नका. सुनावणीत जज आणि समोरचा वकील यांचं 'मुलगी कुठल्या कॉलेजला गेली' वगैरे चाललेलं. रात्री मी सहज जजच्या निवडणूक देणग्यांची यादी उघडली. ती सगळ्यांना बघता येते. समोरच्या वकिलाची फर्म त्यात होती. दोनदा.

दुसऱ्या दिवशी तणतणत माझ्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "यादी खालपर्यंत वाचलीस का?" वाचली नव्हती. खाली त्याचंही नाव होतं.

कायद्याने चालतं ते. १९९५ पासून देणगीला मर्यादा आहे, ती दोघांनीही पाळलेली. खटला मी अर्धा जिंकलो. निकालात काही काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. पण ती यादी वाचल्यापासून 'ऑल राइज' म्हटलं की उठताना गुडघे जरा कुरकुरतात.

खडूस_म्हातारा

शून्य, हे मात्र झोंबलं.

बेएरियातली_चिमणी

मी इथे जरा गोंधळलेली आहे, ते लिहिते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आमच्या सँटा क्लारा काउंटीत जज पर्स्की यांना मुदत संपायच्या आधीच मतदानाने घरी पाठवलं. स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात त्यांनी फक्त सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. मी तेव्हा ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर सह्या गोळा केल्या. भर उन्हात, ट्रेडर जोज या किराणा दुकानाबाहेर, हातात क्लिपबोर्ड. आजही ती शिक्षा आठवली की डोकं फिरतं.

पण तेव्हा एक पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींच्या सरकारी खर्चाने नेमलेल्या वकील) बाई माझ्याशी दहा मिनिटं बोलत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही या श्रीमंत पोराकडे बघून सही मागताय, पण उद्यापासून प्रत्येक जज माझ्या गरीब अशिलाला दोन वर्षं जास्तच देईल, कारण सौम्य शिक्षेमुळे नोकरी जाते हे त्याने पाहिलंय. कडक शिक्षेमुळे कुणाची गेलेली ऐकली आहे का? मी सही मागायची थांबले नाही. पण उत्तरही देता आलं नाही.

काळाकोट

चिमणी, त्यांचं बरोबर होतं. अलाबामात तर ज्यूरीने जन्मठेप सुचवली तरी जज ती बाजूला सारून फाशी देऊ शकत असे. तिथेही जज पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. २०१७ मध्ये ती मुभा काढून टाकली. कॅलिफोर्नियातच १९८६ मध्ये सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि आणखी दोघांना मतदारांनी काढलं, ते फाशीच्या मुद्द्यावर. आयोवात २०१० मध्ये तिघे गेले, कारण समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या निकालावर त्यांच्या सह्या होत्या. तो निकाल एकमताचा होता.

कोल्हापुरी_ठसका

अवांतर: कोर्टाचा विषय निघालाच आहे तर, आमच्या कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. चाळीसेक वर्षं आंदोलन केलं. आता तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबईला पळायला नको. जज कसा का नेमा, आधी जवळ बसवा.

नानीची_टेकडी

अभिनंदन ठसका! पण पुण्याच्या बेंचचं काय? (पळते आता.)

कोल्हापुरी_ठसका

पळा पळा.

दादर_ते_डॅलस

गाडी रुळावर आणतो. अर्धाकपना सोपं नाव दिसलं की मत द्यावंसं वाटतं, त्यावर काळाकोट काही बोलतील असं वाटलं होतं. शिकागोची ती आयरिश आडनावांची गोष्ट सांगा ना.

काळाकोट

हो, ती राहिलीच. शिकागोच्या कूक काउंटीत वर्षानुवर्षांचा समज असा की मतदार जज ओळखत नाही, पण आयरिश आडनाव ओळखतो. त्यात नाव बाईचं असेल तर फारच उत्तम. मग काही वकिलांनी निवडणुकीआधी रीतसर कोर्टात अर्ज करून आयरिश नावं घेतली! शेवटी कायदा आला की गेल्या तीन वर्षांत नाव बदललं असेल तर मतपत्रिकेवर जुनंही छापायचं.

मावशीचा_भाचा

मग आपल्याकडच्या एखाद्या साठेबाईंना तिकडे ओब्रायनच्या चालीवर 'ओ'साठे करून उभं करा.

दादर_ते_डॅलस

😄 पण आपल्यासारखं नाव असलं की हरतोच असंही नाही हां. ह्यूस्टनला लागूनच फोर्ट बेंड काउंटी. तिथे २०२२ मध्ये सुरेंद्रन पटेल डिस्ट्रिक्ट जज म्हणून निवडून आले. आडनावावरून गुजराती वाटतील, पण केरळच्या कासारगोडचे. लहानपणी विड्या वळल्यात त्यांनी. तुझ्या नावाने आणि उच्चारांनी तू निवडून येणार नाहीस, असं त्यांना लोकांनी सांगितलं होतं, तेही स्वतःच्याच पक्षातल्या.

एडिसनचा_सुनील

हे भारी आहे. न्यू जर्सीत गव्हर्नरपर्यंत पोचायला विडीवाल्या पोराला किती ओळखी लागल्या असत्या, हा विचार डोक्यात आला. भेळ खाली ठेवतो.

खडूस_म्हातारा

आता कसं.

नानीची_टेकडी

अर्धाकपच्या चिठ्ठीवरून आठवलं. मेक्सिकोने गेल्या वर्षी, १ जून २०२५ ला, देशातले बरेच न्यायाधीश मतदानाने निवडले ना? तिथेही नावांची एवढी जंत्री की लोकांच्या हातात आधीच भरलेल्या घडीच्या चिठ्ठ्या पडल्या. त्यांना तिथे 'अकॉर्डियन' म्हणतात, बाजाच्या भात्यासारखी घडी म्हणून. त्यावरून तक्रारीही झाल्या. मतदान झालं जेमतेम तेरा टक्के.

अर्धाकप

नानी, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, माझी पद्धत आंतरराष्ट्रीय आहे."

काळाकोट

विनोद बाजूला ठेवून अर्धाकपना उत्तर. कोरं सोडणं गुन्हा नाही, पण तुमच्या बायकोचं म्हणणं खरं आहे, एकेक मत मोजलं जातं. नॉर्थ कॅरोलिनात २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाची एक जागा ५५ लाख मतांत ७३४ मतांनी ठरली, आणि हरलेल्याने हार मान्य करायला पुढच्या वर्षीचा मे महिना उजाडला.

काय बघायचं? ह्यूस्टनच्या बार असोसिएशनची वकिलांमधली पाहणी निघते, ती बघा. वकील आपापला स्वार्थ बघून गुण देतात हे धरून चाला, पण एखाद्याला सगळ्याच बाजूंचे वकील शिव्या देत असतील तर काहीतरी असतं. लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांना माहिती देणाऱ्या संस्थेची पुस्तिका असते. आणि प्रायमरी सोडू नका. एका पक्षाचं वर्चस्व असलेल्या काउंटीत जज खरा तिथेच ठरतो.

दादर_ते_डॅलस

+१. आणि एक फुकट उपाय. कोर्ट उघडं असतं. मागच्या बाकावर जाऊन बसा.

अर्धाकप

(तीन आठवड्यांनी)

दादर, तुमचं ऐकलं. शुक्रवारी सुट्टी टाकून डाउनटाउनला गेलो. फॅमिली कोर्टं यंदा मतपत्रिकेवर आहेत, म्हणून त्याच मजल्यावर. दारातल्या बेलिफने विचारलं, कुठली केस? म्हटलं, कुठलीच नाही, नुसता बसायला आलोय. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, फोन बंद.

पहिल्या खोलीत वेळ नऊची, जज आले पावणेदहाला. आल्यावर कुणाकडे न बघता फाइली. एका वकिलाला वाक्य पुरं करू दिलं नाही. दुसऱ्या खोलीत बाई होत्या. समोर एक माणूस, वकील नाही, कामावरून थेट आलेला असावा, बुटांना सिमेंट. मुलाला भेटायचे दिवस वाढवून हवेत म्हणून अर्ज घेऊन आलेला, आणि फॉर्म चुकीचा. बाईंनी दुभाष्यामार्फत त्याला सांगितलं की आज मी यावर काही करू शकत नाही, आणि का करू शकत नाही. तो गप्प उभा. मग त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा हळू, आणि ग्रंथालय कितव्या मजल्यावर आहे, तिथे योग्य फॉर्म मागताना काय म्हणायचं, ते त्याला म्हणायला लावलं. चार मिनिटं गेली असतील. मागे वकिलांची रांग चुळबुळत होती.

त्या कुठल्या पक्षाच्या ते मी बाहेर आल्यावर बघितलं. सांगणार नाही.

दोन खोल्या झाल्या तेवढ्यात पार्किंगचे बावीस डॉलर झाले. उरलेल्यांसाठी काळाकोटांची पाहणी आणि पुस्तिका घेऊन दोन रात्री बसलो आणि स्वतःची चिठ्ठी बनवली. पाच जागा अजून कोऱ्या आहेत. बायकोने ती पाहिली, फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला. काल तीच यादी फिरत फिरत केटी या उपनगरातल्या मराठी ग्रुपवरून माझ्याच फोनवर आली. पाचही कोऱ्या जागा भरलेल्या, आणि मी भरलेली दोन नावं बदललेली.

वाचनमात्र

रुमाल उचलला. कुठली दोन?